अकबेलच्या निरभ्र आभाळाची बखर

“मेला गुडघा परवापासून ठणकतोय, आणि त्या तुरातबेकच्या फोनवर म्हणे सूर्य हसतोय! हसणारच. त्याला कुठं गुडघा आहे?”

येणेप्रमाणे कुलीपाबाई दुकानवाली मिठाची पिशवी फळीवर आपटता आपटता पुटपुटली, ते हातभर अंतरावर उभे असणारांनी आपले कानी ऐकिले, आणि अकबेलच्या महामोहिमेचा पहिला शब्द तो हाच. पुढे थोरथोर फर्माने निघाली, मसलती जाहल्या, खिलती वाटिल्या; परंतु गनीम चालोन येतो हे वर्तमान प्रथम एका बाईचे गुडघ्यास कळले आणि गुडघ्याचे कोणी मनावर घेतले नाही, हे आरंभीच नमूद असो, म्हणजे पुढे कोणी आपले दाढीस श्रेय लावू लागला तर वाचणारांस हसावयास मोकळीक राहील.

आता हकीकत ऐसी. तियेनशान पर्वताचे कुशीत, नारिन नदीचे वरले अंगास, अकबेल म्हणोन एकशेदहा धुराड्यांचा मुलूख आहे. त्या मुलखी वर्षांस जनावरांची नावे असतात; ते समयी कोंबड्याचे वर्ष सरत आले होते. आरवणे फार आणि अंडे नाही, असा त्या वर्षाचा लौकिक, तो त्याने अखेरपर्यंत राखिला. या मुलखास शत्रू एकच. तो पश्चिमेचे खिंडीतून येतो, ना जासूद धाडतो ना खलिता, आणि आला म्हणजे भर दुपारची रात्र करतो, आणि मग मेंढरू काय, माणूस काय, आपल्या दाराची कडी चार पावलांवर असता ती हाती लागू देत नाही. त्यास बर्फवादळ म्हणतात. तो केव्हा येणार हे आधी ओळखणे, यातच अकबेलचे सारे शहाणपण आणि सारी अब्रू.

ओळखण्याचा पहिला मान गावप्रमुख तुरातबेक सरकार यांचे फोनाचा. या फोनास अकबेल नावाचे ठिकाण पृथ्वीवर आहे हेच ठाऊक नव्हते. म्हणोन सरकारांनी त्यास खालच्या खोऱ्यातले एक शहर लावून दिले होते, जेथे जर्दाळू पिकतात आणि लोक फेब्रुवारीत कोट काढून फिरतात. त्यामुळे फोनावर बारमाही सूर्य हसत असे, आणि सरकार तो सूर्य चारचौघांस दाखवून म्हणत की विज्ञान ते विज्ञान. सरकारी कचेरीतून इशारे येत तेही याच फोनावर. परंतु नोव्हेंबरपासून दर तिसरे दिवशी नारिंगी इशारा आल्याने, लोक नारिंगी म्हटले की चहा ठेवीत.

दुसरा मान, आणि खरा मान, किदिराली आजोबांचा. वय वर्षे एक्याऐंशी, गावचे हिशेबी. हिशेब पैशाअडक्याचा नव्हे, आभाळाचा. त्यांचे घराण्यात सात पिढ्या हेच काम. दर महिन्यास चंद्र कृत्तिकांस एकदा भेटतो, आणि हिवाळा सरू लागला की ही भेट नवमीवरून सप्तमीवर आणि सप्तमीवरून पंचमीवर येते, आणि भेटीचे सायंकाळी चंद्र कृत्तिकांचे पुढे निघोन गेला तर थंडी मोडली, मागे अडखळला तर तीन दिवसांत वादळ; हा त्या घराण्याचा कायदा. हिशेबी सांगतील तेव्हा कळप वर जातो आणि सांगतील तेव्हा उतरतो. फोन बोलला तर ऐकतात; हिशेबी बोलले तर उठतात.

परंतु तीन हिवाळ्यांमागे हिशेबी हुजुरांचे दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला आणि पिकला, आणि तेव्हापासून कृत्तिका तर राहोच, समोरची वाटी हुजुरांस चाचपून घ्यावी लागे. ही गोष्ट अकबेलच्या कुत्र्यांस ठाऊक होती. तीही त्यांचे वाटेतून आपण होऊन उठत. मनुष्यांपैकी मात्र कोणी शब्दाने बोलला नाही. पांढऱ्या दाढीचे उणे तोंडावर काढू नये, अशी त्या मुलखाची रीत. आणि रीत म्हणजे काय, सगळ्यांनी मिळून एके दिशेस न बघणे.

मग भाकिते तीन हिवाळे अचूक कशी निघाली, म्हणाल, तर त्यामागे सोनुनबू होती. सोनुनबू ही हुजुरांची सून. त्या घरी सुनेने सासऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, तोंडास तोंड देऊन बोलावयाचे नाही, वडिलांचे शब्दावर शब्द ठेवावयाचा नाही. पंधरा वर्षे तिने ते पाळिले. परंतु केटलीशी बोलू नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तेथे सून केटलीस बोले आणि मामंजींस लागे. भेटीचे सायंकाळी तिने अंगणात जाऊन यावे, चहा ओतावा, आणि म्हणावे, “केटलीबाई, चंद्र आज मागे राहिला हो, चांगला चार बोटं.” त्यावर हुजुरांनी एक घोट घ्यावा, दाढी पुसावी आणि म्हणावे, “हं. पाहिलं मी मघाशीच.” मग दुसरे दिवशी गावात भाकीत फिरे आणि लोक म्हणत, काय नजर आहे म्हाताऱ्याची!

ऐसे चालले असता सरकारांचे वयास पन्नास वर्षे भरली, आणि पृथ्वीवर एवढी मोठी घटना घडोन जिल्ह्यास कळू नये हे बरे नव्हे, म्हणोन मेजवानी ठरली. जिल्ह्याचे साहेब येणार, तंबू उभे राहणार, गाणारे येणार. घोडा कापून झाला होता, आणि कापिलेला घोडा तारीख पुढे ढकलली म्हणोन उठोन उभा राहत नाही. सबब शुक्रवारी आभाळ स्वच्छ असणे हा सरकारी हुकूम होता. आता तो आभाळाकडून वदवून घेणे एवढेच उरले होते.

आणि याच समयी गावचा सगळा कळप, मेंढरे तीनशे चाळीस, डोंगराचे धारेपलीकडे उघड्या उतारावर होता, जेथे वारा बर्फ झाडून नेतो आणि सुके गवत उघडे पडते. घरोघरची पंधरा दिवसांची पाळी. ही पाळी सागिनची, जो हिशेबी हुजुरांचा एकुलता एक मुलगा आणि सोनुनबूचा नवरा. तेथे फोन लागत नाही, छप्पर नाही, कमरेइतकी दगडांची भिंत आहे एवढेच. वादळ आले की मेंढरे वाऱ्याचे पुढे पळत सुटतात आणि दरीत उतरतात, आणि राखणदार त्यांचे मागे उतरतो, कारण गावची मेंढरे टाकून एकटा कोणत्या तोंडाने येणार? कुलीपाबाईचा नवरा बारा वर्षांमागे असाच उतरला होता. तो वसंतात सापडला. हिशेबींचा शब्द आल्यावाचून जो कळप उतरवील त्याने पाळी मोडली, आणि पाळी मोडणाऱ्याचे घराचे मेंढरू पुढे कोणी राखीत नाही. म्हणोन सागिन शब्दाची वाट पाहत वर, आणि सोनुनबू खाली, आणि दोहोंमध्ये नऊ मैलांची धार.

गुरुवारी सप्तमी. दुपारपासून आभाळ जे दाटले ते घोंगडी पांघरल्यासारखे, धुराड्याचा धूर वर जाईना, कावळे खाली उतरोन गोवऱ्यांचे ढिगावर चिकटून बसले. दिवेलागणीस तुरातबेक सरकार अकरा असाम्या बरोबर घेऊन हिशेबींचे अंगणात दाखल जाहले. सर्वांचे डोक्यावर पांढऱ्या नमद्याच्या, म्हणजे दाबल्या लोकरीच्या, उंच टोप्या, आणि टोप्यांखाली काय होते ते पुढील मजकुरावरून कळेल.

“आजोबा, आज भेट ना चंद्राची? म्हटलं आपल्या तोंडूनच ऐकावं,” सरकार म्हणाले, आणि म्हाताऱ्यास दंडाला धरोन अंगणाचे मध्यभागी आणिले.

सोनुनबू केटली घेऊन दारात आली. “केटलीबाई, आज आभाळ—”

“सूनबाई, चहा मागनं,” सरकार बोलिले. “आधी आभाळ!”

बारा पुरुषांसमक्ष सुनेचे तोंड ते काय. ती मागे सरली. मग हुजुरांनी मान वर केली, आणि येथे त्यांचे मनात काय चालले तेही लिहिले पाहिजे, नाही तर अन्याय होईल. त्यांनी विचार केला की बारा जण तारे पाहावयास आले त्या अर्थी तारे असतील; आणि केटली बोलता बोलता थांबली त्या अर्थी बोलण्यासारखे अशुभ काही नसेल; आणि सरकारांचा हात दंडावर होता, तो म्हणत होता, स्वच्छच आहे ना, आजोबा, स्वच्छच ना? सात पिढ्या मागे उभ्या होत्या आणि डोळ्यांपुढे दुधासारखे पांढरे.

“चंद्र पुढे आहे,” हुजूर बोलिले. “एक बोट पुढे. कृत्तिका लख्ख दिसतायत.”

बारा टोप्या वर वळल्या. वर काजळासारखे काळे. तारा नाही, चंद्र नाही, चंद्राचा डाग नाही. आणि मग, वाचणारांनी विश्वास ठेवावा अथवा न ठेवावा, टोपीमागून टोपी हलू लागली.

“वा! काय लख्ख!”

“सहाच्या सहा मोजून घ्या.”

“सात आहेत.”

“सहा. माझी नजर काय अधू आहे?”

“अरे, ती डावीकडची बारीक बघ की! सात!”

न दिसणाऱ्या तारका सहा की सात यावरून दोन दाढ्यांमध्ये हातघाई व्हावयाची वेळ आली, तेव्हा सरकारांनी मध्ये पडोन साडेसहावर तह केला. इतक्यात बर्फाचा एक कण सरकारांचे नाकावर उतरला. त्यांनी तो पुसला आणि म्हणाले, “राख. कुणाच्या तरी धुराड्याची.” आणि फर्मान सुटले की हिशेबी हुजुरांनी स्वतः पाहोन सांगितले आहे, शुक्रवार निरभ्र, मेजवानी कायम, कळप होता तेथे राहावा.

मंडळी गेल्यावर सोनुनबूने चहा ओतला. “केटलीबाई,” तिने आरंभ केला, “आज आभाळात काही म्हणजे काही—”

“निवली असेल ती केटली,” हुजूर भिंतीकडे तोंड करोन म्हणाले. “ठेव खाली.”

तेणेकरोन तिला कळले की म्हाताऱ्यास कळले आहे. आणि कळूनही शब्द मागे घेता येत नाही, कारण तो घ्यावयाचा तर आधी डोळे गेल्याचे सांगावे लागते.

शुक्रवारी झुंजूमुंजू होताच सोनुनबूने मोहीम काढिली. फौज: ती एकटी. शस्त्रे: पिठाच्या तळलेल्या गोळ्यांचे गाठोडे. निमित्त: नवऱ्याचे लोकरी पायमोजे, कारण नवऱ्यास पायमोजे नेऊन देऊ नयेत असे बारा टोप्यांनाही म्हणता येणार नाही. दुकानापाशी कुलीपाबाई बर्फ लोटीत होती.

“कुठं गं, एवढ्या पहाटे?”

“पायमोजे द्यायला, ताई.”

कुलीपाबाईने पश्चिमेकडे पाहिले, गुडघा दाबला. मग म्हणाली, “तुझी घोडी लंगडते. माझी ने. आणि हे बघ, पायमोजे घालून होईस्तोवर थांबू नकोस. घाल म्हणावं वाटेत.”

मग सोनुनबू दरमजल न करिता एकाच दौडीत धार चढली. उजेड पिवळा पडत चालला होता, वारा अजिबात नव्हता, आणि पलीकडे उतरोन पाहते तो मेंढरे आपण होऊन भिंतीच्या आडोशास गोळा जाहलेली, सर्वांची तोंडे पूर्वेस. मेंढरांस टोप्या नसतात म्हणोन त्यांस आभाळ दिसते.

“उतरव,” ती घोडीवरूनच म्हणाली. “शब्द आलाय.”

“कुणाचा?” सागिन म्हणाला.

“त्यांचा. ज्यांचं नाव मी घेत नाही.”

“बाबा स्वतः म्हणाले? पाळी संपायच्या आत?”

“स्वतः.”

“शपथ?”

“तू मेंढ्या मोज. शपथा खाली जाऊन घेऊ.”

येणेप्रमाणे अकबेलच्या इतिहासातले पहिले बनावट फर्मान, विनाशिक्का आणि विनानाव, एका सुनेने सासऱ्याचे वतीने सोडिले. वादळ न आले तर काय, हे ती पुरते जाणत होती: वडिलांचे तोंडी खोटा शब्द घातला, नवऱ्याची पाळी मोडविली, मेजवानीची माती केली; मग त्या घरीच काय, त्या खोऱ्यातही तिला उभे राहावयास जागा नव्हती. तरी तिने मागे वळोन पाहिले नाही. म्हणजे एकदा पाहिले. पश्चिमेची खिंड दिसेनाशी जाहली होती.

खाली मेजवानी ऐन रंगात. जिल्ह्याचे साहेब मुख्य जागी, त्यांचेपुढे मानाचे उकडलेले मेंढ्याचे डोके, साहेब रीतीप्रमाणे त्याचा कान कोणास कापून द्यावा या विचारात, सरकार उभे राहोन निरभ्र आभाळाबद्दल स्वतःचे आभार मानीत; आणि नेमके तेव्हा तीनशे चाळीस मेंढरे तंबूंमधोन शिरली. गाणारे बाकांवर चढले. साहेबांचे पुढ्यातले डोके पाहोन एक म्हातारी मेंढी थबकली आणि साहेबांचे डोळ्यांत ऐसे काही रोखून पाहू लागली की साहेबांनी सुरी खाली ठेविली.

“कुणाच्या हुकमानं?” सरकार गरजले. “सागिन! कुणाच्या हुकमानं पाळी मोडलीस?”

“बाबांच्या,” सागिन म्हणाला.

मग सगळी मेजवानी हिशेबी हुजुरांकडे वळली. हुजूर साहेबांचे उजवे हातास बसले होते. पाठीमागे चहा वाढणाऱ्या बायांमध्ये सोनुनबू नुकतीच येऊन उभी राहिली होती, अंगावर घोडीचा घाम, हातात रिकामी केटली, आणि त्या घडीस तिचे सगळे आयुष्य त्या म्हाताऱ्याचे जिभेवर होते. तो “नाही” म्हणाला असता तर खरेच बोलला असता.

हुजुरांनी हातातली वाटी चाचपून खाली ठेविली.

“माझाच हुकूम,” ते म्हणाले.

“पण काल तर आपण स्वच्छ म्हणालात!”

“तू मेजवानीचं विचारलंस, तुरातबेक. मेंढ्यांचं कुणी विचारलं होतं?”

यावर सरकारांनी उत्तर देण्यास तोंड उघडिले, आणि त्यात वारा शिरला. पहिल्या झपाट्यात मोठा तंबू उचलला तो शाळेपलीकडे गेला. दुसऱ्यात पन्नास वर्षांचे फलक गेले. तिसऱ्यात पश्चिमेचा गनीम खासा आपल्या फौजेनिशी गावात उतरला, आणि मग कोण सरकार, कोण साहेब, कोण मेंढी, कोणास कोणी दिसेना. सहा तारका आणि सात तारका मोजणारे दोघे दोरीस धरोन गोठ्यापर्यंत रांगत गेले, आणि तेथेही एकमेकांस ढकलीत होते. तीन दिवस गनिमाने वेढा दिला. साहेबांचा मुक्काम कुलीपाबाईचे दुकानात पडला, पिठाच्या पोत्यांमध्ये, चार मेंढरांसह. त्यांपैकी एक ती म्हातारी. तिसरे दिवशी साहेब तिचे अंगास टेकून निजत, असे कुलीपाबाई सांगते.

चौथे दिवशी वारा पडला. मेंढरे मोजिली: तीनशे चाळीस. राखणदार मोजिला: एक. धारेपलीकडील दगडी भिंत मात्र बर्फाखाली कोठे गेली ती दिसेना.

तेव्हा सरकारांनी शाळेचे दालनात दरबार भरविला. वाचणारांस वाटेल की त्यांचे तोंड उतरले असेल. तर त्यांनी सरकार लोक पाहिलेले नाहीत. सरकार सनद वाचू लागले की गावप्रमुखांचे दूरदर्शी मार्गदर्शनाखाली अकबेलने वादळाचे अचूक भाकीत करोन गनिमास नामोहरम केले. की त्या सायंकाळी आभाळ निरभ्र असता हिशेबी हुजुरांनी कृत्तिका निरखोन वादळ ओळखिले, परंतु गनीम गाफील राहावा म्हणोन जाहीर उलटे सांगितले. आणि या गोष्टीस बारा प्रतिष्ठित असाम्यांची साक्ष आहे. साहेबांनी मान डोलविली. साक्षीदार उठले.

“आम्ही डोळ्यांनी पाहिलं. सहा तारका, लख्ख.”

“सात.”

मग हिशेबी हुजुरांचे अंगावर जरीकाठी मखमली झगा घातला, डोक्यावर नवी टोपी ठेविली, हाती सनद दिली, ती त्यांनी उलटी धरिली आणि कोणी सुलटी केली नाही. टाळ्या जाहल्या. सबब लिहून ठेविले जाते की कोंबड्याचे वर्षी, सप्तमीचे भेटीनंतर, अकबेल मुलखाने पश्चिमेचे गनिमावर पूर्ण फत्ते मिळविली. मेंढरू एक गमाविले नाही, माणूस एक गमाविला नाही. आणि फत्तेचे मानकरी येणेप्रमाणे: फोन एक, टोप्या बारा.

एवढे लिहून लेखणी खाली ठेवावयाची, तो हिशेबी हुजूर उठोन उभे राहिले. लोकांस वाटले आशीर्वाद देणार. काहींनी तळवे उघडून पुढेही धरिले. हुजुरांनी टोपी काढिली.

“सूनबाई कुठं आहे?” ते म्हणाले.

“आहे, आजोबा, मागं चहापाशी,” कुलीपाबाई बोलिली.

“पुढं ये, सोनुनबू.” पंधरा वर्षांत त्यांनी तिला नावाने प्रथमच हाक मारिली. “तू मला एक सांग. केटलीला नको सांगूस, मला सांग. मला तीन हिवाळे झाले, काही दिसत नाही. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे ते. तुम्ही माझा मान ठेवलात, आणि माझा मुलगा वर उघड्यावर ठेवलात. त्या संध्याकाळी मी वर बघत होतो, हे बारा जण वर बघत होते. आभाळात एक तरी तारा होता का गं?”

सरकारांनी सनदेवरील शाई वाळली की नाही ते पाहिले. सहावाल्याने आपले जोडे पाहिले, सातवाल्याने छत पाहिले. सोनुनबू बाकांमधोन पुढे आली, तिने केटली जमिनीवर ठेविली, आणि मान वर करोन सासऱ्याचे चेहऱ्याकडे सरळ पाहिले.

“नव्हता, मामंजी,” ती म्हणाली. “एकही नव्हता.”